नानांचा गोळा

आमच्या जुन्या घरात सोप्याच्या उजव्या अंगाला एक खोली आहे. पूर्वी तिथं ज्वारीची कणगी असायची. आता ज्वारी घरी येते ती पोत्यातून आणि चार महिन्यांत संपते, म्हणून कणगी गेली आणि खोली रिकामी झाली. त्या खोलीत मी फळ्या मारल्यात आणि त्यावर रेडिओ, टेप, रेकॉर्ड वाजवायच्या पेट्या मांडल्यात. आजच्या तारखेला त्रेचाळीस नग आहेत. त्यातले एकतीस वाजतात. गावातली पोरं त्या खोलीला 'केंद्र' म्हणतात. "आबा केंद्रावर हायेत का?" असं विचारत येतात.

मला सगळ्याच जुन्या रेडिओंचा नाद आहे असं कुणी समजू नये. लाकडी कपाटाएवढे, काचेचे व्हॉल्व असलेले रेडिओ लोक जमवतात, ते मला नकोत. माझी वस्तू हातात धरून रानात नेता आली पाहिजे, सेलवर चालली पाहिजे. आणि ती त्या काळातली पाहिजे, जेव्हा माणूस चंद्रावर गेला आणि इथं खाली सगळ्या वस्तूंना रॉकेटचं, गोळ्याचं, तबकडीचं रूप आलं. असा काळ एकदाच आला. आता फोनमध्ये सगळं जग मावतं, पण फोन दिसतो कसा, तर पाटीच्या तुकड्यासारखा.

चंद्राची गोष्ट मला चांगली आठवते. 1969 साली मी नऊ वर्षांचा होतो. 21 जुलै, सोमवार. आपल्याकडं सकाळचे साडेआठ वाजायच्या बेतात होते तेव्हा आर्मस्ट्राँगनं पाय खाली टेकला. गुरुजींनी आम्हाला रांगेनं ग्रामपंचायतीपुढं नेऊन बसवलं होतं. पंचायतीचा रेडिओ खिडकीत ठेवलेला. बातम्यांत काय सांगितलं ते आम्हाला निम्मंअर्धंच कळलं. पण मागं बसलेला एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "आता देवाच्या डोस्क्यावरबी पाय दिला म्हणायचा!" आणि उठून रानात गेला. माझ्या मनात चंद्र आणि रेडिओ त्या दिवसापासून एकाच खुंटीला बांधले गेले.

पुढं मला कळलं की हे दोघं खरोखरच एका दावणीचे आहेत. ट्रान्झिस्टर नावाचा तो तीन पायांचा तुकडा 1947 साली अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाला. 1954 साली तिथंच रीजन्सी नावाचा खिशातला रेडिओ आला, त्यात असे चार तुकडे होते. जपानच्या सोनीनंही लवकरच आपले खिशातले रेडिओ काढले. आणि 4 ऑक्टोबर 1957 ला रशियानं स्पुटनिक सोडला. तो वर फिरत बीप बीप करायचा आणि तो आवाज लोक रेडिओवरच ऐकायचे. गंमत म्हणजे त्याच्या आदल्याच दिवशी, 3 ऑक्टोबरला, आपली विविध भारती सुरू झाली. म्हणजे एका दिवशी गाणी आली आणि दुसऱ्या दिवशी उपग्रह. ही तारीख मी खोलीच्या दारावर खडूनं लिहून ठेवलीय.

आता आमच्या घरात ही वस्तू कशी आली ते सांगतो.

आमचा भाग सांगली जिल्ह्यातला खानापूर तालुका. पाऊस कमी, माळ जास्त. टेंभूचं पाणी यायच्या आधी इथं माणसाचं पोट रानावर भरत नव्हतं. म्हणून इकडची पोरं सातवी-आठवी झाली की गलाईच्या धंद्यात जायची. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. भट्टी, मूस, तेजाब आणि धूर. विट्याच्या, आटपाडीच्या, खटावच्या गलाईवाल्यांची दुकानं आज सगळ्या देशात आहेत. मल्याळी, तमिळ, बंगाली, काय वाट्टेल ती भाषा बोलणारी माणसं आमच्या जत्रेला जमतात आणि बगाड, पालखी, कुस्त्या बघून परत जातात.

माझे धाकटे चुलते, नाना, असेच कोइमतुरला गेले. 72 च्या दुष्काळात आमच्या घरात एक चामड्याच्या कव्हरातला ट्रान्झिस्टर होता. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मिरचीच्या पैशातून घेतलेला. तो त्या साली बैलांच्या कडब्यापायी गेला. मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले, खडी फोडली, त्यात रेडिओचं कोण काय घेऊन बसतंय. पण आण्णा रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला सवयीनं खुंटीकडं बघायचे. पोस्टात रेडिओचं लायसन काढावं लागे त्या काळी. त्या लायसनचं पुस्तक त्यांनी रेडिओ गेल्यावरही ट्रंकेत जपून ठेवलं होतं.

नानांना हे कुणीतरी कळवलं असणार. 1974 च्या दिवाळीला ते आले ते हातात एक निळा गोळा घेऊन. मोसंब्यापेक्षा जरा मोठा. वर कडी, कडीला साखळी, साखळीला बोटात घालायची वळी. मद्रासला बर्मा बाजार म्हणून बाजार आहे, बर्मातनं परत आलेल्या लोकांनी मांडलेला, तिथं फॉरीनचा माल मिळायचा. तिथनं आणलेला. नाव नॅशनल पॅनासोनिक. त्याला तिकडं 'पॅनापेट' म्हणतात आणि 1970 साली जपानात ओसाकाला जगाचं मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा तो निघाला, हे मला चाळीस वर्षांनी नातवाच्या फोनवर कळलं. तेव्हा आम्ही त्याला नुसतं 'नानांचा गोळा' म्हणायचो. त्यात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी बसायची, ती इकडं विट्यालासुद्धा मिळायची नाही. नाना पार्सलनं पाठवायचे.

त्यात शॉर्टवेव्ह नव्हती. म्हणजे सिलोन नाही, बुधवारची बिनाका गीतमाला नाही. फक्त मीडियम वेव्ह. पण सांगली केंद्र 1251 वर खणखणीत लागायचं, रात्री पुणं लागायचं. गोळा साखळीनं गोठ्याच्या मेढीला अडकवला की बैलसुद्धा रवंथ करत ऐकायचे. आण्णा शेतीचा कार्यक्रम ऐकायचे, आई भजनं, आणि बाजारभाव लागले की शेजारचे चार जण येऊन उभे राहायचे. घरात येणारा प्रत्येक माणूस आधी त्याला हात लावून बघायचा. चंद्रावरनं आणलेला दगड असल्यागत.

मी 76 ला दहावी झालो. पुढं शिकायचं नव्हतंच. रानात पाणी नसल्यावर दोन वर्षं तालुक्याच्या गावी एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसलो. तिथं डाग द्यायला शिकलो, म्हणजे सोल्डरिंग. गँग कुठला, आयएफ कॉइल कुठली, एसी 128 ट्रान्झिस्टर मेला की आवाज कसा फाटतो, हे सगळं नाकानं कळायला लागलं. पुढं विहिरीला पाणी लागलं आणि मी रानात परत आलो, पण हात विसरला नाही.

जमवायला लागलो ते 2000 नंतर. तोवर लोकांनी रेडिओ माळ्यावर टाकले होते. पहिला मिळाला तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर, किलोनं चालला होता. मग नादच लागला. द्राक्षाची औषधं आणायला सांगलीला गेलो की एक चक्कर, पुण्याला लेकीकडं गेलो की बुधवारी नाहीतर रविवारी जुना बाजार. एचएमव्हीची फिएस्टा मला अशीच सापडली. पेटीसारखी, हातात धरून न्यायची, झाकणातच स्पीकर. आमच्या भागात लग्नात ती वाजलेली मी बघितलीय. तिची सुई घासून गेली होती आणि आतलं रबर कडक झालं होतं. सायकलच्या ट्यूबमधनं कापून नवं रबर घातलं. शुद्ध आवाज नाही आला, पण आला.

कॅसेटचे टेप तर बहुतेक आखातातनं आलेले. त्यांच्यातला पट्टा वितळून डांबर होतो, तेवढं साफ केलं की निम्मे चालू होतात. एक वॉकमनही आहे. पहिला नव्हे. पहिला सोनीनं 1 जुलै 1979 ला काढला, निळा आणि रुपेरी. त्याला कानाचे दोन फोन लावायची सोय होती आणि मधे एक नारिंगी बटण. ते दाबलं की दोघांना गाणं हळू होऊन एकमेकांशी बोलता यायचं. एकट्यानं ऐकायची पहिली वस्तू, पण करणाऱ्याला वाटलं की माणूस एकटा कसा ऐकेल? पुढच्या वॉकमनांतनं ते बटण काढून टाकलं. आणि वॉकमनच्याही आधी, अपोलो 11 मधनं गेलेल्या तिघांनी सोनीचा एक लहान कॅसेट रेकॉर्डर बरोबर नेला होता. दिला होता बोलून नोंदी करायला, पण त्यात गाणीही होती. म्हणजे आम्ही पंचायतीपुढं मांडी घालून बसलो होतो तेव्हा वर त्यांच्याजवळही आमच्यासारखीच एक वस्तू होती.

काही वस्तू मी नुसत्या चित्रात बघितल्यात. वेल्ट्रॉन 2001 म्हणून एक आहे, अंतराळवीराच्या शिरस्त्राणासारखी गोल, पुढं काळी काच. मिळणार नाही आणि मिळाली तर परवडणार नाही.

परवडण्यावरनं सांगतो. 2019 ला पाऊस थांबायचं नाव घेईना आणि आमच्या डाळिंबावर तेल्या पडला. फळावर काळे तेलकट डाग, मग फळ उलतं, मग बाग काढायची. तीन एकर बाग हातची गेली. कर्जाचा हप्ता डोक्यावर. त्याच वेळी पुण्याहून एक गृहस्थ आले. त्यांना म्हणे हॉटेल काढायचं होतं आणि जुन्या वस्तूंनी भिंत सजवायची होती. त्यांनी सगळ्या खोलीचे एक लाख वीस हजार सांगितले. मी एकेक वाजवून दाखवायला लागलो तर ते म्हणाले, "नाही वाजले तरी चालेल हो. भिंतीला स्क्रूनं बसवायचेत."

आमची मालकीण दारात उभी होती. या नादावर तिनं आयुष्यभर तोंडसुख घेतलंय. ते गेल्यावर मी विचारलं, काय करू. ती म्हणाली, "बागंचं कर्ज बागंनं फेडायचं. ह्येनी काय तुमची बाग खाल्ली न्हाई. आन् वाजतंय त्येला मुकं करून कुणी इकतं व्हय?" दोन म्हशी विकल्या, हप्ता भरला. त्या म्हशींचं दूध तिच्याच हातचं होतं, हे मी इथं नोंदवून ठेवतो.

आता गोळ्याचं. माझ्या फळीवर एक लाल गोळा आहे, मुंबईच्या चोरबाजारातनं नऊशे रुपयांना आणलेला. पण निळा नव्हता. निळा दोन भिंती पलीकडं होता.

1994 ला आमच्या घरात वाटणी झाली. रान वाटलं, घर वाटलं, भांडी वाटली. गोळा नानांकडं गेला, तो त्यांचाच होता. विहीर मात्र वाटता येत नाही, तिच्या पाळ्या ठरल्या. आणि पाळ्यांवरनं चुलतभावात आणि माझ्यात बोलणं तुटलं ते तुटलंच. नाना परगावीच वारले. काकी गावी येऊन राहिली. एकाच जोत्यावरची दोन घरं, मधे एक भिंत, आणि पंचवीस वर्षं या बाजूचं माणूस त्या बाजूला चहाला गेलं नाही. लग्नकार्यात समोरासमोर आलो तर पाया पडायचो. तेवढंच.

तीन वर्षांमागं एका दुपारी काकीचा पणतू फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. फडकं सोडलं, तर गोळा. रंग उडालेला, एक चीर गेलेली. पोरानं निरोप पाठ केला होता, तो एका दमात म्हणून दाखवला: "पणजी म्हणती, चुलत्यानं आणल्याली वस्तू हाय. वाजली तर बघ. न्हाई वाजली तर तशीच माघारी दे. ठिवून घिऊ नगं."

शेवटचं वाक्य माझ्यासाठीच होतं. काकीला खोली ठाऊक होती.

आठ दिवस लागले. आत बॅटरी फुटून सगळं हिरवं झालं होतं. दोन कंडेन्सर सुकलेले, आवाजाच्या चक्रात माती. सगळ्यात वाईट म्हणजे आतली काळी फेराइटची कांडी दोन तुकडे झालेली. ती कांडी म्हणजे रेडिओचा कान. ती मोडली की स्टेशनं जागा सोडतात आणि लांबचं ऐकू येत नाही. तुकडे जुळवून चिकटवले, सांधा बसला. मग लाल गोळ्यातनं काय काढून घालता येईल ते घातलं. लाल गोळा आता वाजत नाही. त्रेचाळिसातले एकतीस म्हणालो ते म्हणून. आधी बत्तीस होते.

साफ करताना साखळी हातात घेतली तेव्हा एक कडी निराळी लागली. बाकीच्या कड्या गंजलेल्या, ही नुसती काळी पडलेली. राख लावून घासली तर पांढरीफेक. चांदीची. कधीतरी साखळी तुटली असणार आणि नानांनी कोइमतुरच्या भट्टीवर बसून चांदीची कडी ओढून घातली असणार. डाग इतका बारीक की नखाला लागत नव्हता. मी जन्मभर डाग देतोय, मला तसा जमला नाही कधी.

गोळा पणतवाच्या हाती परत पाठवता आला असता. मी स्वतः गेलो. काकी जोत्यावर बसली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, डोळ्याला कमी दिसतं पण कान शाबूत. मी पाया पडलो आणि चक्र फिरवलं. आधी खरखर, मग कुणीतरी हवामान सांगत होतं. तिनं गोळा दोन्ही हातांत घेतला. थोड्या वेळानं साखळी चाचपली आणि ती कडी बरोबर बोटात धरली. म्हणाली, "जाग्यावर हाय." मग आत वळून हाक मारली, "चा टाक गं, थोरल्या घरचा आलाय."

चुलतभाऊ रानातनं आला तेव्हा मी कपबशी हातात घेऊन बसलेलो. तो चप्पल काढून उभा राहिला. विहिरीचं कुणीच काढलं नाही. त्यानं विचारलं, "ह्येला सेल कसला लागतो?" मी सांगितलं. त्यानं मान हलवली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझी मोटर जळाली, तेव्हा त्यानं न सांगता आपल्या मोटरीवर माझ्या रानात रात्रभर पाणी सोडलं. सकाळी मला ओली सरी दिसली तेव्हा कळलं. बोलणं अजूनही आमचं बेताचंच आहे. पण पाळीचा कागद आता कुणी काढत नाही.

काकीकडं मी आठवड्यातनं एकदा तरी जातो. एकदा तिला केसरबाईंची गोष्ट सांगितली. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर, कोल्हापूर दरबारच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. 1977 साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. प्रत्येकावर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एकेक रेकॉर्ड बसवलीय. जगभरातलं संगीत आहे त्यात, आणि केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. पंचावन्न भाषांतले रामराम आहेत, त्यात एक मराठीतला. रेकॉर्ड वाजवायची सुईसुद्धा बरोबर दिलीय. पहिलं यान 2012 सालीच सूर्याच्या वाऱ्याच्या हद्दीबाहेर गेलं, अजून चाललंय. केसरबाई मात्र यानं सुटली त्याच वर्षी, सप्टेंबरात, गेल्या. माझ्या हिशेबी गाणं घेऊन इतकी लांब गेलेली दुसरी पेटी नाही.

काकीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्येला सेल कसला?"

"सेल नाही काकी. ज्याला सापडेल त्यानं हातानं फिरवायची."

"मग सापडणाऱ्याला रिपेरी याय पायजे," ती म्हणाली.

मीडियम वेव्हची कितीतरी केंद्रं देशात बंद झालीत, लोक एफएमवर आणि फोनवर गेलेत. गोळ्यात एफएम नाही. तिला मी हे सांगितलेलं नाही. ती मधे तक्रार करत होती की सांजच्याला लई खरखर हुती. जाऊन बघितलं तर डोक्यावर नवा एलईडी दिवा लावलेला. स्वस्तातल्या दिव्याची मीडियम वेव्हवर खरखर येते. तिला सांगितलं, दिवा मालवला की साफ लागंल. आणि नाही लागलं तर गोळा जरा फिरवून बघायचा, कांडी स्टेशनाला आडवी झाली की आवाज वाढतो.

आता ती दिवा मालवून ऐकते. संध्याकाळी गोठ्याकडं जाताना भिंतीपलीकडनं आवाज येतो, जोत्यावर अंधार असतो, आणि तेवढ्यापुरतं माझ्याही दारातला दिवा मी लावत नाही.